भिंतीला इस्त्री

छबूताई वाघचौरे तिसऱ्यांदा इस्त्री घेऊन आल्या
आणि काउंटरवर अशी आदळली
की माझा चहा बशीत उतरला.
"एलिमेंट नवं टाकलं म्हणता, मग तापत का नाही?"

त्यांच्यासमोरच लावून दाखवली.
दोनशे तीस व्होल्ट, पाच अँपिअर.
भागलं तर रोध सेहेचाळीस ओहम,
गुणलं तर साडेअकराशे वॉट.
तळाला ओलं बोट लावलं, चर्र झालं.
"तुमच्या दुकानात तापून मला काय उपयोग?"

सातपूरच्या आयटीआयत दोन वर्षं काढली,
हा प्रश्न कुठल्याच पेपरात नव्हता.

रात्री शटर ओढून पवननगरला गेलो.
डिसेंबर. निफाडला पारा घसरला
की सिडकोतल्या पत्र्यांना आधी कळतं.
खोलीभर अंबडच्या कंपनीचे राखाडी शर्ट,
सकाळी सहाच्या पाळीचे,
आणि कॅलेंडरखाली भिंतीला पाठ लावून
दहावीतली प्रांजल, मांडीवर विज्ञान.

इस्त्रीपाशी मीटर धरला:
एकशे चौऱ्याऐंशी. करंट चार.
पोरीनं न सांगता वहीच्या मागच्या पानावर भागलं.
"काका, रोध सेहेचाळीसच येतोय."
म्हणजे इस्त्री सुटली.
"विभवांतर कमी पडतंय," ती म्हणाली.
मी तीस वर्षं त्याला नुसतं "लाइन ढिली" म्हणत आलो.

चार गुणिले एकशे चौऱ्याऐंशी, सातशे छत्तीस.
दाबाचा पाचवा हिस्सा गेला
आणि ऊब गेली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त.
व्होल्टेज एकटं कधी पडत नाही,
पडताना करंटचा हात धरून पडतं.

जिन्याखाली मीटरपाशी उतरलो.
तिथं इस्त्री चालू असताना
पुरते दोनशे तीस.
मधल्या बावीस पायऱ्यांत
सेहेचाळीस व्होल्ट बेपत्ता.
"कुठं गेले?" छबूताईंनी विचारलं,
भिशीचे पैसे विचारावेत तसं.

सेहेचाळीस भागिले चार: साडेअकरा ओहम.
सेहेचाळीस गुणिले चार: एकशे चौऱ्याऐंशी वॉट.
पेन्सिल थांबली. मघाशी व्होल्ट, आता वॉट,
आकडा तोच.
"योगायोग," मी म्हटलं, "त्यात काही शोधू नको."

पण तिनं वेगळंच शोधलं.
मागे वळून
जिथं आत्तापर्यंत पाठ होती तिथं तळवा ठेवला.
कॅलेंडर उतरवलं.
प्लास्टर खरवडलं तर आत सुतळीएवढी वायर,
कुणा जुन्या भाडेकरूनं
पीळ देऊन मारलेले चार जोड,
टेप काळी, कुरकुरीत.

नोव्हेंबरपासून ती इथंच बसायची.
"ही भिंत बरी असते,"
एवढंच तिला ठाऊक होतं.

मी दोघींवर ओरडलो. घर पेटलं असतं, म्हटलं.
मग आवाज खाली आला.
बिल येत होतं नऊशे वीस वॉटचं,
शर्टांना पोचत होते सातशे छत्तीस.
बाकीची वीज रोज रात्री
भिंतीला इस्त्री करत होती,
आणि जाता जाता एका पोरीच्या पाठीला.

दुसऱ्या दिवशी अडीच एमएमची तांब्याची वायर ओढली,
खालपासून वरपर्यंत एकसंध.
दोनशे अठ्ठावीस.
दोन व्होल्ट वायरचा हक्क, तो कुणाला चुकत नाही.
पहिल्या कॉलरवर पाणी शिंपडताच वाफ उठली.
छबूताईंनी वायरचे पैसे मोजून दिले,
मजुरीवर घासाघीस केली,
पन्नास रुपये कमी केलेच.

मी पकड-टेस्टर गोळा करत होतो.
प्रांजल पुस्तक घेऊन सवयीनं तिथंच टेकली,
आणि दचकून पुढे सरली.

छबूताई काही बोलल्या नाहीत.
नुकता झालेला एक शर्ट उचलला,
कंपनीचा, कुणा परक्याचा,
आणि तिच्या खांद्यांवर टाकला.
"चुरगळेल गं," पोर म्हणाली.
"करीन परत," त्या म्हणाल्या. "आता तापते."